गाडी जुनी म्हणून लेट, की 'जुनी' ही नुसती सबब?

गिरणाकाठ

मी पाचोऱ्याची. नोकरी जळगावला, त्यामुळे रोजचं अप-डाउन.

न्यूयॉर्कला असणारा माझा मावसभाऊ सध्या सुट्टीवर आलाय. परवा शेवभाजीवर ताव मारता मारता त्यानं तिथल्या सबवेला, म्हणजे भुयारी रेल्वेला, जे झोडपायला घेतलं, ते भाजी संपली तरी संपेना. प्लॅटफॉर्मवर जीव नकोसा करणारा उकाडा, रुळांत उंदीर, शनिवार-रविवारी कोणती गाडी कोणत्या रुळावरून जाईल याचा भरवसा नाही, आणि बोगद्यात मध्येच गाडी उभी राहिली की स्पीकरवर 'पुढे गाडी आहे, लवकरच निघू'. सासरे मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपली शिरसोलीला थांबते तशी?"

सगळे हसलो. पण त्याचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. तिथले लोक म्हणे सगळ्यावर एकच उत्तर देतात, 'शंभर वर्षं जुनी सिस्टीम आहे, चालायचंच.' आमच्या लेडीज डब्यातही हेच ऐकते. 'इंग्रजांच्या काळातली लाइन आहे बाई, काय करतील ते तरी.'

तर विचारायचं हे की जुनेपणामुळे खरंच उशीर होतो का? की हे एक सोयीचं उत्तर सापडलंय सगळ्यांना? मेट्रो, लोकल, पॅसेंजर, एसटी, काहीही चालेल. जे रोज बसतात त्यांनी लिहा. चारचाकीवाल्यांनी फक्त वाचावं.

बट्टीवाला

पहिला!

गाडी उनी का वं ताई?

आउटर_सिग्नल

माझं आयडी वाचूनच कळलं असेल मी कुठे राहतो. पत्ता भुसावळचा, पण आयुष्य जळगावच्या आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, गेलं.

चोवीस किलोमीटरचा प्रवास. सायकलनं निघालेला माणूस आधी पोचेल असे दिवस येतात. भादलीपर्यंत गाडी झकास पळते, मग जळगाव दिसायला लागलं की थांबते. समोर पूल दिसतो, प्लॅटफॉर्मचं टोक दिसतं, चहाच्या टपरीवरचा धूर दिसतो. दिसत नाही ते फक्त हाजरीचं मशीन, आणि ते तिकडे नऊ पंचेचाळीसला लाल होतं. शेजारून एक्सप्रेस जाते. मग दुसरी जाते. मग मालगाडी, तीही रिकामी. त्या वेळी डब्यात जे शब्द निघतात ते इथे लिहिले तर अ‍ॅडमिन धागा उडवेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माझ्या मते सबब. रूळ बदलले, सिग्नल बदलले, जुने निळे डबे जाऊन मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवरची गाडी, आली. आउटर आहे तिथेच आहे.

क्वीन्सचा_खानदेशी

मूळ अमळनेर, आता बरीच वर्षं न्यूयॉर्क. ताई, तुमच्या मावसभावाला मी ओळखत नाही, पण तो बोलला त्यातलं एक अक्षरही वाढवून सांगितलेलं नाही. स्वतःचं रडगाणं बाजूला ठेवतो, इथे सगळ्यांना माहीत असलेलं तेवढं लिहितो.

सबवे सुरू झाली २७ ऑक्टोबर १९०४ ला. आज ४७२ स्थानकं आहेत आणि गाड्या चोवीस तास चालतात, रात्री तीनलाही. खरी गोम इथेच आहे. जगातल्या बहुतेक मेट्रो रात्री बंद होतात आणि तेव्हा दुरुस्ती होते. इथे गाडी चालू ठेवून रूळ बदलायचे. चालत्या बैलगाडीचं चाक बदलायला घेतल्यावर काय होईल, तेच होतं. म्हणून शनिवार-रविवारी एक्सप्रेस लोकल होते, एक लाइन दुसरीच्या रुळावर जाते आणि खांबाखांबावर कागद चिकटवलेले असतात. ते वाचायला लागलो की आलेली गाडी निघून जाते.

दुसरं सिग्नल. १९३० च्या दशकातली यंत्रणा काही ठिकाणी अगदी अलीकडेपर्यंत काम करत होती, माणूस हातानं लिव्हर ओढतोय अशी. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, वर्कशॉपमध्ये घडवावे लागतात. जुन्या पद्धतीत गाडी नेमकी कुठे आहे हे कळत नाही, फक्त 'या तुकड्यात कुठेतरी आहे' एवढंच कळतं, त्यामुळे दोन गाड्यांत मोकळं अंतर जास्त ठेवावं लागतं. एल आणि ७ या दोन लाइनींवर नवी संगणकी पद्धत आली, ७ वर २०१८ मध्ये, आणि फरक डोळ्यांना दिसतो. बाकीच्या लाइनींचं काम रडतखडत चालू आहे.

तिसरं पाणी. कोरड्या दिवशीसुद्धा पंप लावून रोज साधारण १ कोटी ३० लाख गॅलन, म्हणजे जवळपास ५ कोटी लिटर पाणी बोगद्यांतून उपसतात. पाऊस आला की विचारूच नका. २०१२ च्या सँडी वादळात समुद्राचं खारं पाणी बोगद्यांत शिरलं, त्यानं केबल आणि काँक्रीट जे खाल्लं त्याची दुरुस्ती पुढे कैक वर्षं चालली.

आणि २०१७ च्या जूनमध्ये गाड्या इतक्या बिघडायला लागल्या की गव्हर्नरनं सबवेसाठी आणीबाणी जाहीर केली. आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की वेगळंच आठवतं, पण खरंच तोच शब्द होता.

केळीचं_घड

रोज ५ कोटी लिटर उपसून टाकतात??? भाऊ, इकडे पाठवा. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं.

बट्टीवाला

@केळीचं_घड टँकर आउटरला थांबेल.

थेम्सवरून_तापी

लंडनमधून हजेरी. माहेर सावदा.

उकाड्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. इथली पहिली भुयारी रेल्वे १८६३ ची, तेव्हा बोगद्यात वाफेची इंजिनं चालायची. पण ती वरवरच्या खोलीची होती. खरा त्रास खोल गेलेल्या लाइनींचा. लंडनखाली चिकणमाती आहे. गाड्यांच्या ब्रेकची, मोटारींची उष्णता त्या मातीनं शंभर वर्षं शोषून घेतली आणि आता ती आणखी घेत नाही. बोगदे इतके अरुंद की डब्यावर एसी बसवायला जागा नाही, आणि बसवला तरी गरम हवा जाणार कुठे? परत बोगद्यातच. बेकरलू लाइनवर १९७२ सालच्या डिझाइनच्या गाड्या अजून पळतात. सीटचं कापड मात्र झकास आहे.

तरी माझं मत वेगळं आहे. इथलीच व्हिक्टोरिया लाइन १९६८ ची. तिचे सिग्नल आणि गाड्या बदलल्या आणि गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या जायला लागल्या. शंभर सेकंदांना एक! बोगदा तोच, प्लॅटफॉर्म तेच. एक चुकली तर मी धावतसुद्धा नाही. म्हणजे बोगद्याचं वय काढून उपयोग नाही, त्यात काय घातलंय ते बघायचं.

केळीचं_घड

उकाडा किती असतो हो तिथे बोगद्यात?

थेम्सवरून_तापी

उन्हाळ्यात तिशीच्या वर जातं.

केळीचं_घड

तिशी. सावद्याची पोर तिशीला उकाडा म्हणते. मे महिन्यात भुसावळला पंचेचाळिसात खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून दाखवा मग बोलू.

थेम्सवरून_तापी

भाऊ, तुमच्या खिडकीतून वारा तरी येतो, मग तो झळांचा का असेना. इथे खिडकीबाहेर भिंत आहे.

पांझरा

धुळेकर. वाचून वाचून आता राहवेना.

न्यूयॉर्क १९०४, बरोबर? चाळीसगाव-धुळे लाइन १९०० ची. म्हणजे आमची गाडी सबवेपेक्षा थोरली! सुरतेहून अमळनेरकडे आलेली तापी व्हॅली रेल्वेही त्याच सालची. तेव्हा जुनेपणाचा मान आधी आम्हाला द्या, मग मॅनहॅटनला.

आमच्या लाइनीचा थाट असा की धुळ्यात ती संपते. पुढे रूळच नाहीत. सव्वाशे वर्षं धुळेकर मुंबईला जायचं तर आधी चाळीसगावला येतो. शिरूड, राजमाने, जामदा करत गाडी चाळीसगावला लागते आणि नेमकी मुंबईची गाडी समोरून सुटताना दिसते. कनेक्शन म्हणून जी चीज असते ती वेळापत्रकात फार सुंदर दिसते.

मनमाड-इंदूर रेल्वेचं मी लहानपणापासून ऐकतो. प्रत्येक निवडणुकीत एक सर्व्हे. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. बोरविहीर-नरडाणा तुकड्याचं काम त्याआधीच हाती घेतलेलं. आता म्हातारपणी तरी धुळ्याहून सरळ इंदूरला सराफ्यात खायला जाईन असं वाटायला लागलंय.

क्वीन्सचा_खानदेशी

@पांझरा तुमच्या दुःखाला इथे सख्खा भाऊ आहे. सेकंड अ‍ॅव्हेन्यू सबवे. कल्पना १९२० च्या दशकातली. मंदी आली, महायुद्ध आलं, सत्तरच्या दशकात खोदायला घेतलं आणि शहराचं दिवाळं वाजलं. पहिला टप्पा सुरू झाला १ जानेवारी २०१७ ला, तीन नवी स्थानकं. इथले आजोबाही 'प्रत्येक निवडणुकीत ऐकतो' हेच म्हणायचे.

पांझरा

मग अमेरिका आणि धुळे यांत फरक काय राहिला? शाळेत उगाच भूगोल शिकवला.

मस्टर_मॅडम

@आउटर_सिग्नल, 'सबब' म्हणणं सोपं आहे. मला तर डबा आवडतो, हे लिहायला इतर जागा नाही म्हणून इथे लिहिते.

चाळीसगावहून सकाळी जी लेडीज डब्यात बसते तिला विचारा. पिशवीत मेथीची जुडी असते. पाचोऱ्यापर्यंत निवडून होते, देठं कागदात बांधून परत पिशवीत, कचरा खाली टाकला तर आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई उचलायला लावतात. कोणाची बदली, कोणाच्या सासूचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीला पाहुणे येऊन गेले, सगळं कजगाव ते म्हसावदच्या दरम्यान होतं. भाद्रपदात भुलाबाई बसली की परतीच्या गाडीत गाणी. टीसी आला तरी गाणं थांबत नाही, तो पास बघतो, खाऊ घेतो, जातो. थंडी सुरू झाली की कोणीतरी डब्यातून भरीत आणि कळण्याची भाकरी आणतंच.

गाडी लेट झाली की चिडचिड होते ती घरी. मुलाची व्हॅन पाचला येते आणि दाराला कुलूप. गाडी किती लेट आहे हे नीट कळलं तर शेजारणीला फोन करता येतो. पण अ‍ॅपवर गाडी वेळेवर, स्टेशनच्या बोर्डावर वीस मिनिटं, आणि प्रत्यक्षात पत्ता नाही. मला उशिराचा राग येत नाही तेवढा या थापांचा येतो.

गिरणाकाठ

@मस्टर_मॅडम, अगदी मनातलं. आपण बहुतेक शेजारच्या बाकावर बसतो. हिरवी पिशवी?

मस्टर_मॅडम

आता ती बदलावी लागणार.

निवृत्त_रिले

नमस्कार. माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात, भुसावळ आणि आसपास. एका प्रश्नाला तरी धड उत्तर मिळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. तो पलीकडे पोचला की तिथला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाकं-आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. ही युक्ती १८७२ ची, अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या बोगद्यातही मूळ तत्त्व हेच.

आता बघा. तार तुटली, रिले पडेल. खडीत चिखल बसून पावसाचं पाणी साचलं आणि प्रवाह गळाला, रिले पडेल. रुळांच्या सांध्यातलं इन्सुलेशन झिजलं, तरीही पडेल. गाडी नसताना सिग्नल लाल. तुम्ही म्हणता सिग्नल फेल. आम्ही म्हणायचो, यंत्रणेनं तिचं काम केलं, कारण शंका आली की तिनं लालच झालं पाहिजे. तुम्ही अर्धा तास शिव्या देत बसलात, पण घरी पोचलात.

जुनेपणाचा संबंध इथे येतो. केबल जुनी झाली की या शंका वारंवार येतात, आणि दर वेळी माणूस पाठवून, तपासून, लेखी अधिकार देऊन गाडी हळू काढावी लागते. पावसाळ्यात रात्री दोनला बॅटरी घेऊन रुळांतून चालत सांधा शोधणारा माणूस डब्यातून दिसत नाही. मे महिन्यात रूळ तापून प्रसरण पावतो तेव्हा भर दुपारी गस्त घालणारा ट्रॅकमनही नाही दिसत. वेग कमी करायची ऑर्डर असते, ड्रायव्हर गाडी उगाच रेंगाळवत नाही.

पण @आउटर_सिग्नल यांचं आउटर निराळं. तिथे वयाचा संबंध फार थोडा. नकाशा समोर धरा. नागपूरकडची लाइन भुसावळला येते, खंडवा-इटारसीकडची भुसावळला येते, दोन्हीकडची वाहतूक एकत्र होऊन जळगावकडे निघते. जळगावला सुरतेचा फाटा. एवढी सगळी गाडी एका दारातून जायची, आणि नियंत्रकाला लांब पल्ल्याची आधी काढायची असते. पॅसेंजर शेवटी. म्हणून तर तिथे तिसरी-चौथी लाइन टाकायला घेतली.

आउटर_सिग्नल

काका, माहितीबद्दल मनापासून आभार. आता मी आउटरला थांबलो की 'इटारसीची वाहतूक एकत्र होतेय' असं साहेबांना सांगेन. साहेब म्हणतील मग इटारसीलाच रुजू व्हा.

क्वीन्सचा_खानदेशी

काकांचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. त्यातून एक लक्षात आलं. इथे १९०४ च्या पहिल्या लाइनीतच बऱ्याच भागात चार रूळ टाकले होते. मधले दोन एक्सप्रेसला, कडेचे दोन लोकलला. शहर वरपर्यंत वाढलंही नव्हतं तेव्हा. आज इतकी पडझड होऊनही सबवे लाखो माणसं वाहते याचं अर्धं श्रेय त्या चार रुळांना.

पांझरा

आणि मनमाड-जळगाव चौथ्या लाइनीला मंजुरी नोव्हेंबर २०२४ ची. फक्त एकशे वीस वर्षांचं अंतर. पंचवार्षिकच्या हिशेबात काहीच नाही.

हिशेबी

सगळे छान रडताय. पैशांचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी वाईट होतो.

न्यूयॉर्कमध्ये १९०४ ला तिकीट ५ सेंट होतं. १९४८ पर्यंत ५ सेंटच राहिलं! मध्ये दोन महायुद्धं झाली, सगळं महागलं, पण भाडं वाढवायची छाती एकाही पुढाऱ्याला झाली नाही. मग देखभालीला पैसा कुठून येणार? आज जे जुनाट म्हणून बोंबलतात ते आजोबांच्या स्वस्त तिकिटाचं बिल भरतायत.

आता आपल्याकडे या. महिन्याच्या पासाचे पैसे आणि त्याच अंतराचं एसटीचं रोजचं तिकीट शेजारी मांडून बघा. एवढ्या पैशात महिनाभर फिरायचं आणि वर मेट्रोसारखी सेवा पाहिजे. मालगाडी आधी का जाते? कारण ती कमावते.

मस्टर_मॅडम

@हिशेबी, कोरोनानंतर काय झालं ते सोयीनं विसरलात. पॅसेंजर बंद झाल्या, परत आल्या त्या 'स्पेशल' होऊन, आणि कमीत कमी तिकीट १० चं ३० रुपये झालं. डबा तोच, थांबे तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आलं. त्या काळात आम्ही तिप्पट भरत होतो, गाडी तिप्पट वेळेवर आली का? माहेजीहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी तेव्हा दिसेनाशा झाल्या. काही परत आल्याच नाहीत.

हिशेबी

स्पेशलचा मुद्दा मान्य. ३० रुपयांची बाजू मी घेत नाही. पण १० रुपये जन्मभर १० राहिले तर तेही चालणार नाही, एवढंच म्हणणं.

क्वीन्सचा_खानदेशी

@हिशेबी ५ सेंटचं अगदी बरोबर. इथे आता उलटी वाट धरलीय. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या खाली गाडी घेऊन गेलं की पैसे मोजायचे, आणि ते पैसे सबवेच्या दुरुस्तीला, सिग्नलला. चारचाकीवाल्यांनी भयंकर आरडाओरडा केला. कोर्टबाजीही झाली.

गिरणाकाठ

म्हणून तर पहिल्या पोस्टीतच चारचाकीवाल्यांना गप्प बसवलं होतं.

हतनूर

अवांतर: पीजेची आठवण कोणालाच नाही? पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, नॅरोगेज. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली बोरं वेचून परत चढल्याच्या गोष्टी प्रत्येक जामनेरकराकडे आहेत. निम्म्या खोट्या असतील. २०२० मध्ये कोरोनात बंद झाली आणि मग ब्रॉडगेज करायची म्हणून रूळच गेले. शाळेची पोरं, दूधवाले, शेंदुर्णीच्या बाजाराला जाणारे, सगळे आता काळी-पिवळीत कोंबून जातात. जुनी गाडी लेट असते हे कबूल, पण नव्याची वाट बघताना जुनीही गेली की काय होतं ते आम्हाला विचारा.

बट्टीवाला

अवांतरात अवांतर: वाट बघण्याचं बोलताय तर चाळीसगावच्या केकी मूस यांना विसरू नका. स्टेशनसमोर घर. आयुष्यभर घराबाहेर फारसे पडले नाहीत, आणि रोज रात्री पंजाब मेलनं कोणी तरी येईल म्हणून दार उघडं ठेवायचे असं सांगतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले. इतकी वर्षं पंजाब मेलची वाट बघितली आणि एकदाही तक्रारवहीत लिहिलं नाही.

थेम्सवरून_तापी

@बट्टीवाला पहिल्यांदाच काहीतरी बरं लिहिलंस. त्यांचं संग्रहालय बघितलंय. टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे फोटो बघून हे छायाचित्र की तैलचित्र, कळेना.

नवापूर_बाक

सीमेवरून राम राम. आमच्या स्टेशनवर बाक निम्मा महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. घोषणा चार भाषांत होते, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. गाडी लेट असली तर चारही भाषांत लेट. एका भाषेत तरी वेळेवर यायला हरकत नव्हती.

उधना-जळगाव एकेरी लाइन होती तेव्हा क्रॉसिंगला किती वेळ जायचा हे नंदुरबार-दोंडाईचावाल्यांना विचारा. समोरची गाडी येईपर्यंत लोक खाली उतरून चहा पिऊन, भजी खाऊन, राजकारण संपवून परत यायचे. दुहेरी झाल्यावर तो प्रकार गेला. चहावाल्याचा धंदा बसला, एवढं नुकसान झालं.

दमदमचा_जळगावकर

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. नोकरीमुळे कोलकात्यात आहे. भारतातली सगळ्यात जुनी मेट्रो वापरतो, म्हणून मूळ प्रश्नाला माझी भर.

कोलकाता मेट्रो सुरू झाली २४ ऑक्टोबर १९८४ ला, एस्प्लनेड ते भवानीपूर, साडेतीन किलोमीटरही नाही. बिगर-एसी जुन्या गाड्या २०२१ पर्यंत धावत होत्या. पंखे, उघड्या खिडक्या आणि बोगद्यातला आवाज, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. भांडणं त्यामुळे कमी व्हायची.

पण मुद्दा पुढे आहे. २०२५ च्या जुलैत दक्षिण टोकाच्या कवी सुभाष स्थानकाच्या खांबांना तडे गेले आणि ते स्थानक बंद करावं लागलं. ते स्थानक किती जुनं? २०१० चं. आणि १९८४ चा एस्प्लनेडकडचा पहिला तुकडा आजही रोजची गर्दी झेलतोय. तेव्हा वयावर खापर फोडायला मी तयार नाही.

निवृत्त_रिले

@दमदमचा_जळगावकर, चांगलं उदाहरण दिलंत. आमच्याकडेही चाळीस वर्षांचा रिले नव्या आलेल्या पेट्यांपेक्षा शहाण्यासारखा वागताना मी बघितला आहे. दर ठरलेल्या दिवशी उघडून पुसला, मोजमाप घेऊन वहीत लिहिलं, की चालतो. वहीत नुसतं 'ओके' लिहिलं की नवंही चालत नाही. फक्त एक लक्षात घ्या, देखभालीला ब्लॉक लागतो, म्हणजे काही वेळ त्या रुळावरच्या गाड्या बंद, आणि ब्लॉक घेतला की तुम्हीच ओरडता.

गिरणाकाठ

काका, ब्लॉकला आम्ही ओरडत नाही. आदल्या रात्री नऊला कळतं त्याला ओरडतो. चार दिवस आधी सांगा, आम्ही एसटीनं जाऊ, रजा टाकू, मुलीला आजीकडे ठेवू. हिशेबी म्हणतात तसे चार पैसे जास्त द्यायलाही माझी हरकत नाही. पण उशीर किती, कशामुळे, आज कोणती गाडी बाजूच्या रुळावर थांबवून ठेवणार, हे खरं खरं सांगायला ना नवे रूळ लागतात ना १८,००० कोटी. तिथे 'जुनी लाइन' हे उत्तर मी यापुढे ऐकून घेणार नाही.

मावसभावाला धागा वाचायला दिला. व्हिक्टोरिया लाइनचं वाचून तो गप्प झाला, आणि आईनं त्याला उद्याच्या गाडीनं माझ्याबरोबर जळगावला पाठवायचं ठरवलंय.

आउटर_सिग्नल

पास नसेल तर तिकीट काढायला सांगा. डॉलर घेत नाहीत.

केळीचं_घड

कोणी सांगेल का, महिन्याचा पास मोबाइलवर काढलेला चालतो का? खिडकीवर रांगेत उभं राहायला सकाळी वेळ नाही.

मस्टर_मॅडम

चालतो. मी रेल्वेच्या अ‍ॅपवरून काढते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि डब्यात बसायच्या आधी फोन चार्ज आहे का बघा, बॅटरी संपली हे कारण टीसी ऐकत नाही.